चहाला नाही म्हणायचं नाही

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दत्तक देतात. त्यांच्या घरी वरचेवर जायचं, तब्येतीची विचारपूस करायची. मी अमरावतीहून पोरांना भातकुलीकडच्या एका गावात घेऊन जातो. माझा नियम एकच, घरच्यांनी चहा विचारला की नाही म्हणायचं नाही. पोरं माझ्यामागे मला 'चहावाले सर' म्हणतात. म्हणोत बापडी.

अकोल्याची एक विद्यार्थिनी होती. हुशार, पण कायम घोड्यावर. मी शिकवतो ते फॅमिली मेडिसिन म्हणजे नुसता सर्दी-खोकला, असं तिचं मत होतं आणि ते ती माझ्यापासूनही लपवत नसे. तिच्या वाट्याला शिलाईकाम करणाऱ्या एका चाचांचं घर आलं होतं. बाहेरच्या खोलीत मशीन, आत स्वयंपाकघर, मध्ये पडदा. ही यायची, चाचांचं बीपी मोजायची, मीठ कमी करा म्हणायची आणि उठायची. चाची पडद्याआडून चहा विचारायच्या, ही नको म्हणायची.

एकदा मी सोबत असताना तिने पुन्हा तेच केलं आणि माझं टाळकं सरकलं. चाचींना मदत कर, असं सांगून मी तिला आत पिटाळलं. चाचांशी शाळेच्या गणवेशांवर बोलून झालं, तरी चहा काही येईना.

शेवटी ती बाहेर आली आणि मला अंगणात घेऊन गेली. चेहरा उतरलेला. चाचींची पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता पुन्हा रक्त जात होतं. या वयात त्यामागे कॅन्सर असू शकतो, हे तिला पुस्तकातून पाठ होतं. मला सांगायला चाचींनी परवानगी दिली होती, चाचांना मात्र सांगायचं नव्हतं. आता काय करायचं, असं ती मला विचारत होती. चाचींनाच विचार, म्हटलं. ती परत आत गेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने घड्याळ पाहिलं नाही.

काही वेळाने चाची स्वतः बाहेर आल्या, तिचा दंड धरून. खालमानेने त्यांनी सगळं सांगितलं. चाचांचा पाय मशीनवरच थांबला.

"तू मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी कधी इचारलं?"

चाचांचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगतो, मला त्यांचंही वाईट वाटलं.

चाची अमरावतीच्या दवाखान्यात यायला तयार झाल्या, पण बेटी, म्हणजे माझी ही विद्यार्थिनी, सोबत पाहिजे म्हणाल्या. नेमकी त्याच दिवशी बेटीची सराव परीक्षा होती. मी गप्प बसलो. बोललो असतो तर ती माझ्या धाकाने आली असती.

ती आपणहून आली. तपासणीच्या दिवशी आली, रिपोर्टच्या दिवशीही आली. रोग निघाला होता, पण अगदी सुरुवातीचा, ऑपरेशनने बरा होण्यासारखा. बायकांच्या त्या विभागात चाचांना आत सोडत नव्हते, ते जिन्यापाशी टोपी कुरवाळत उभे होते. मी दाराशी होतो. आतल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडला आणि बोलण्याआधी, मान वर न करता विचारलं, सोबत नातेवाईक कोण आहे?

चाचींनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने ॲप्रन काढून हातावर घेतला आणि पुढे झाली.

"मी आहे," ती म्हणाली.