दाजींनी चाल बदलली नाही

दाजींचं लग्नच झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना हक्काने दाजी म्हणावं असं माणूस जगात नव्हतं. तरी सगळे त्यांना दाजीच म्हणत. टीव्हीवर त्यांनी उभ्या आयुष्यात तेवढंच केलं होतं. नायिकेच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सोफ्याच्या कडेला बसायचं, भांडण पेटलं की "आता यात मी काय बोलणार" म्हणायचं आणि कुणी रडायला लागलं की पाण्याचा ग्लास आणून द्यायचा. मालिका बदलायच्या, सोफा बदलायचा, दाजी तेच.

पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी एका दिग्दर्शिकेने त्यांना बोलावलं. कधीकाळी सहाय्यक म्हणून ती त्यांना संवाद वाचून दाखवायची. आता तिची स्वतःची मालिका येत होती. चार मित्रांची. चौघेही गे. रविवारी सकाळी एकाच्या घरी जमणारे, एकमेकांची उणीदुणी काढणारे आणि अडीनडीला सगळं टाकून धावणारे. तिघं तिशीतले आणि चौथा बँकेतला हेडक्लार्क, कित्येक वर्षं आपल्या जोडीदाराबरोबर संसार करणारा. हा चौथा दाजींनी करावा, असं तिचं म्हणणं होतं.

"लोकांना तुमची सवय आहे, दाजी. तुम्ही घरातले वाटता. म्हणून तुम्हीच हवेत."

दाजी "सांगतो" म्हणाले आणि तिथून तडक चष्म्याच्या दुकानात गेले.

हे दुकान म्हणजे एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढं. तरुणपणी दाजी तिथे चष्म्याची मोडकी काडी बसवून घ्यायला गेले होते आणि मग जातच राहिले. एकाच गल्लीत दोघांची दोन घरं होती. कपडे मात्र कुणाचे कुठल्या कपाटात, हे दोघांनाही धड सांगता आलं नसतं. चारचौघांत ओळख एवढीच, "हे आमचे चष्मेवाले."

चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. हातातला बारीक स्क्रू त्याने आधी जागेवर बसवला.

"लोक विचारतील, तुला हे इतकं बेमालूम कसं जमतं म्हणून."

"विचारू देत. मी आता खोटं बोलणार नाही. पण तू नको म्हणालास तर विषय इथेच संपला."

"दुकानाच्या काचा फुटल्या तर तू झाडायच्यास," चष्मेवाला म्हणाला. त्याचा होकार असाच यायचा.

मालिकेच्या जाहिराती सुरू व्हायच्या आधी दाजी थोरल्या बहिणीकडे गेले. बाहेरच्या खोलीत तिचे यजमान, म्हणजे घरातले खरे दाजी, पेपर वाचत बसले होते. ताई स्वयंपाकघरात होती.

"नवीन काम मिळालंय," ते म्हणाले.

"कुणाचा दाजी?"

"या वेळी दाजी नाही." आणि त्यांनी कोण ते सांगितलं.

ताईने गॅस बारीक केला. "दुसरं काही मिळत नव्हतं का? लोक म्हणतील, हाही त्यातलाच."

"मी त्यातलाच आहे, ताई."

ताईने आधी जाऊन दार लोटून घेतलं. "हळू बोल."

"आजवर हळूच बोलत आलो की."

"तो चष्मेवाला?"

"हो."

"मला वाटायचंच," ती म्हणाली. "पण वाटत होतं ते बरं होतं. सांगितलंस कशाला?"

"तुला टीव्हीवरून कळू नये म्हणून."

ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "काही दिवस येऊ नकोस इकडे." दाजी चपला घालून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी ते सेटवर हजर होते.

सुरुवातीचे भाग ठीक गेले. मग वाहिनीच्या साहेबांचा निरोप आला: मालिका जड होते आहे, म्हाताऱ्याला जरा विनोदी करा. त्या दिवशी दृश्य होतं ते साधंच. जोडीदाराच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, त्याला वाकता येत नाही, आणि हेडक्लार्क त्याच्या पायाची नखं कापतोय.

दिग्दर्शिका खाली मान घालून जवळ आली. "दाजी, आत येताना जरा कंबर हलवून चाला. हात असा. नखं कापताना थोडं किंचाळा, लाजा..." करून दाखवताना तिचं तिलाच कसंतरी झालं.

"मी असा चालत नाही," दाजी म्हणाले.

"तुम्ही नाही हो. ते पात्र."

"मी माझ्याबद्दलच बोलतोय."

कॅमेऱ्यामागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दाजींचा आवाज चढला नाही. "असं चालणारी माणसंही आहेत, माझ्या ओळखीची आहेत, आणि त्यांच्यात हसण्यासारखं काही नाही. तू मला त्यांच्यासारखं चालायला सांगत नाहीयेस. त्यांची टिंगल करायला सांगतेयस. ते माझ्याच्याने होणार नाही."

"वाहिनीवाले तुमचं पात्र परदेशी धाडतील."

"धाडू देत. जाताना माझ्या पायांनी चालत जाईन."

काम थांबलं. दाजी मेकअपच्या खोलीत जाऊन बसले. आता घर कसं चालायचं, हा विचार त्यांनाही शिवला, नाही असं नाही. पण जितका विचार करावा तितका त्यांचा निश्चय आणखी घट्ट होत गेला. शेवटी दिग्दर्शिकाच आत आली आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"चला. तुमच्या पद्धतीने करू. साहेबांशी मी भांडते."

दाजींनी ते दृश्य घरी करायचे तसं केलं. चष्मा कपाळावर सरकवला, पाय मांडीवर घेतला, "हलू नकोस, मागच्यासारखं रक्त काढशील" म्हणून दटावलं, आणि कापून झाल्यावर अंगठ्यावरून बोट फिरवून कड बोचत नाही ना ते बघितलं. बस. दिवे सांभाळणाऱ्या माणसाने विचारलं, "अजून एक टेक घ्यायचाय का?" दिग्दर्शिका म्हणाली, "नको."

ती खरोखरच भांडली. भाग तसाच दाखवला गेला, पण साहेबांनी डूख धरला. मालिका संध्याकाळवरून भरदुपारी ढकलली, आणि ठरल्यापेक्षा लवकर आवरती घ्यायला लावली. हेडक्लार्क मात्र शेवटच्या भागापर्यंत राहिला, आपल्या चालीने चालत.

त्यानंतर दाजींना कुणाचा दाजी व्हायला बोलावणं आलं नाही. काही दिवस त्यांनी जाहिरातींना आवाज दिला, मग एका नाटकात न्यायाधीशाचं बरं काम मिळालं. रस्त्यात कुणी तोंड फिरवायचं, कुणी मुद्दाम थांबून हात हातात घ्यायचं. एक शाळामास्तर तर नुसताच हात धरून उभा राहिला आणि निघून गेला.

एके दिवशी दुपारी चष्म्याच्या दुकानात ताई आली. एकटीच.

"नंबर तपासायचाय," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने तिला खुर्चीत बसवलं. अक्षरं वाचता वाचता मध्येच ती म्हणाली, "मी बघायचे दुपारी. हे कामावर असताना."

"बरं."

"मला सगळं पटलंय असं समजू नका."

"नाही समजत. खालची ओळ वाचा."

ताईने ती वाचली, एक अक्षर चुकली, आणि उठताना म्हणाली, "चष्मा झाला की घेऊन या. त्यालाही आणा. तुम्ही दोघं या."

पुढच्या आठवड्यात दोघं गेले. दार खऱ्या दाजींनी उघडलं. त्यांनी आधी मेहुण्याकडे बघितलं, मग चष्मेवाल्याकडे, आणि क्षणभर दारातच अडून उभे राहिले. आमचे दाजी तसूभरही मागे सरले नाहीत.

"हे चष्मेवाले. आम्ही बरोबर राहतो," ते म्हणाले.

"आता यात मी काय बोलणार," असं काहीतरी पुटपुटत खरे दाजी बाजूला झाले. ते पुन्हा पेपरात डोकं घालून बसले. पण ताईने चार पानं घेतली होती, आणि चौघेही जेवले.