झाकणं आणि मावशी

माशांच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या बाटल्यांवर न लावता झाकणांवर लावल्या, ही करामत प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची. बाटल्यांतलं औषध बदलताना त्याने सगळी झाकणं एका टोपात ओतली आणि मग अंदाजपंचे परत लावली. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नाही.

महिन्याने निकाल आले. खडकावरचं शेवाळ खाणाऱ्या माशात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या ढीगभर प्रती निघायला हव्या होत्या, मांस खाणाऱ्या त्याच्या चुलतभावात मोजक्या. निघालं उलटंच. प्रयोगशाळेच्या बाईंनी चष्मा काढला.

"मासे दिले कोणी?"

मासे देणारी मावशी. बावीस वर्षं बंदरावर मासे कापत बसलेली. दोन्ही मासे दिसायला सारखेच, लांबुडके; म्हणून शेवाळवाल्याच्या शेपटीला ती लाल दोरा बांधायची.

"दोरा काय, कशालाही बांधता येतो," बाई म्हणाल्या. "तिच्याकडून बंद."

तंत्रज्ञाला हे पटलं. मावशी वजन कमी देते आणि गोड जास्त बोलते, असा त्याला पहिल्यापासून संशय. बंदरावर जाऊन चारचौघींत तो म्हणाला, "मावशी, आम्हाला फसवलंत तुम्ही!"

मावशीने सुरी पुसली आणि त्याच्यामागोमाग थेट प्रयोगशाळा गाठली.

"उरलेले दोन्ही मासे काढ. लाल दोऱ्याचा आणि बिनदोऱ्याचा."

बर्फातले मासे तिने पाण्यात सोडले, मऊ झाल्यावर फाडले. दोरेवाल्याचं वेटोळी घातलेलं आतडं ओढताना हातभर झालं. दुसऱ्याचं वीतभरही भरेना.

"पाला पचायला वेळ लागतो, बाई. आतडं खोटं बोलत नाही. माझा दोरा बरोबर." मग ती फळीवरच्या बाटल्यांकडे बघत राहिली. "झाकणांवर का रे लिहिलंयस? आम्ही टोपलीवर खूण करतो. झाकण काय, वाऱ्यानेसुद्धा बदलतं."

बाईंची नजर तंत्रज्ञाकडे वळली. त्याने टोपाची गोष्ट सांगितली, अडखळत.

"नमुने पुन्हा घ्या. मावशींकडूनच," एवढं बोलून बाई आत गेल्या.

मावशी मात्र दारात थांबली. "लबाड मला चारचौघींत ठरवलंस. चूक तुझी, हेही तिथेच सांग. मग फिटलं."

"सांगतो ना, मावशी."

त्यानंतर तो पाचदा बंदरावर गेला. पाचही वेळा पहाटे, बाकीच्या बायका यायच्या आत. मावशी मासा हातात देते, पण लगेच सोडत नाही.

"थांब की जरा. येतीलच त्या."

"आज घाई आहे, मावशी."