वेताची खुर्ची करकरेपर्यंत

शेवटच्या संध्याकाळी नसरीनअक्का वेताच्या खुर्चीत बसली होती. एरवी ती तिथं कधीच बसायची नाही. बसवनगुडीतल्या आमच्या समुपदेशनाच्या खोलीत ती खुर्ची दुःख घेऊन येणाऱ्यांची. "आज स्वल्प दमले गं," म्हणाली, उठली, ऑटो करून घरी गेली. सकाळी तिच्या अम्मींचा फोन आला. झोपेतच गेली होती.

आम्ही दोघी निपाणीकडच्या. तिच्या तोंडी मराठी आणि दखनी, माझ्या तोंडी मराठी आणि शिव्या. माणूस उठून गेला की जरा वेळानं वेत सैल होऊन आपोआप करकरतो. तोवर अक्का पुढच्याला आत घेऊ द्यायची नाही. "थांब. ते अजून उठले नाहीत." अंगावर काटाच यायचा माझ्या! बाहेर लोक ताटकळलेत आणि ही बाई रिकाम्या खुर्चीकडं बघत बसलीय. मी चिडले की म्हणायची, "आमच्यात सब्र म्हणतात तो हाच. आपल्या मानसशास्त्रात तरी दुसरं काय आहे? दुःखाला त्याच्या वेळेनं उठू द्यायचं. रडू गिळणं म्हणजे सब्र नव्हे गं. रडावं खुशाल, फक्त अल्लावर रुसू नये."

त्या संध्याकाळी ती गेल्यावर मी कुलूप हातात घेऊन उभी राहिले. खुर्ची करकरलीच नाही... दुसऱ्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मी तिच्यात कुणाला बसू दिलं नाही. वेड लागलंय म्हणा हवं तर.

तिकडं अम्मी. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पैपाहुणे पांगले, पण बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही. जेवण सुटलं, झोप उडाली. "काय सब्र आहे!" म्हणून नातेवाईक वाखाणत होते. माझं टाळकंच सटकलं. डोळ्यांदेखत वाळत चाललेल्या बाईचं कौतुक कसलं करता? लेकीमागोमाग आईही जाते की काय, अशी धास्ती बसली होती मला.

गेल्या आठवड्यात अम्मी अक्काची शाल न्यायला खोलीवर आल्या. शाल अजून खुर्चीच्या पाठीवरच होती. अम्मींनी हात पुढं केला आणि तसाच थांबवला. पंखा बंद, खिडकी बंद. आम्ही दोघी नुसत्या उभ्या... किती वेळ, कुणास ठाऊक. आणि वेत करकरला. सावकाश, दमलेलं माणूस हातांवर जोर देऊन उठतं तसा.

"उठली गं माझी पोर," अम्मी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

मी त्यांना उगी केलं नाही. खाली जमिनीवर त्यांच्याजवळ बसून राहिले. बाहेर कुणीतरी बेल वाजवली.

"थांबा," मी आतूनच म्हटलं. "अजून वेळ आहे."