सेनापतींचे डोळे

सेनापतींची चित्रं काढण्यात चित्रकाराची हयात गेली होती. हात तलवारीच्या मुठीवर आणि नजर अशी, की बघणाऱ्याची मान आपोआप खाली जावी! पण या वेळचे सेनापती म्हणजे अगदी गरीब गाय. जरब औषधालाही नाही. मग पठ्ठ्यानं आरशासमोर डोळे वटारले आणि तेच चित्रात उतरवले.

अनावरणाला सगळे वाहवा करत होते. सेनापतींच्या पत्नी मात्र हसल्या. "छे! ह्यांनी घरी असं कधी कुणाकडे बघितलं नाही हो."

"आमचे बघतात," चित्रकाराची बायको मान खाली घालूनच म्हणाली.

चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बघावं, तर भिंतीवरून तोच स्वतःवर डोळे वटारून होता.