मॅचिंगवाल्या काकी

"जवळचा आहे, पण तो नव्हे."

साडीचा पदर आणि ब्लाउजपीस शेजारी शेजारी धरून, मान थोडी तिरकी करून काकी हे वाक्य म्हणायच्या आणि कापडाची घडी घालून ते परत फळीवर ठेवायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो चालेल, कोण एवढं बघतंय?" काकी म्हणायच्या, "तुम्ही बघताय ना? अंगावर तुमच्याच असणार दिवसभर." आणि खुशाल पलीकडच्या दुकानात पाठवून द्यायच्या. ठाकुर्ली स्टेशनजवळचं ते मॅचिंग सेंटर इतकी वर्षं कसं टिकलं, हे मला आजवर उलगडलेलं नाही. तुमच्याही गल्लीत असं एखादं दुकान असेल. भिंतभर रंगांचे गठ्ठे, काउंटरवर अस्तर आणि फॉल, मागे शिवणयंत्र, आणि मधे एक बाई, जिला खोटं बोलता येत नाही.

मी कल्याणच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. माझ्या चुकांची ऑफिसने कधी नोंद ठेवली असती, तर तिला वेगळं कपाट लागलं असतं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीच्या वेळी या काकी शेजारी होत्या, म्हणून हे लिहितोय.

झालं असं. आमच्या प्राचार्य मॅडमनी विद्यार्थी कल्याण निधीत एक नवं कलम घातलं. काही मुलं ट्रान्सजेंडर असतात, काही स्वतःला मुलगाही मानत नाहीत आणि मुलगीही. त्यांना आपल्या मनाशी जुळणारे कपडे लागतात, विग लागतो, छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट बनियन लागतं, नाहीतर पॅडची अंतर्वस्त्रं लागतात. घरी मागायची सोय नसते. तर ते निधीतून द्यायचं. मॅडमनी नीट समजावून सांगितलं, मी मान डोलावली. माझी निम्मी नोकरी मान डोलावण्यात गेली आहे. मग टेबलावर येऊन मी नियम काढला. खरेदी म्हटली की तीन दरपत्रकं.

असा मी टाइप केलेलं पत्र घेऊन काकींच्या दुकानात गेलेलो. दुकानात सहा-सात बायका. मी खाकरलो आणि सरकारी आवाजात वाचायला सुरुवात केली, "पॅडेड ब्रा, नग चार. विग, लांब केसांचा, नग एक..."

दुकान चिडीचूप झालं. एका आजींनी नातीला मागे ओढलं.

"साहेब," काकी म्हणाल्या, "रेशनची यादी आहे का? आत या. बसा. पाणी घ्या. आता हळू सांगा, कुणासाठी?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं, बाई तोंड वाकडं करतील. त्यांनी फक्त विचारलं, "मुलं इथे येतील ना? माप पत्रावरून घेता येत नाही."

पहिला अर्ज ज्या मुलीचा आला, ती ठाण्याजवळच्या बाळकुमची. आगरी घर, आजोबा मिठागरात राबलेले, पुढे जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि त्यातलेच तीन फ्लॅट वडिलांच्या नावावर. ऑफिसच्या कागदांत ती मुलगा होती. मी खिडकीतून तिला कागदांतल्या मुलाच्या नावाने मोठ्याने हाक मारली आणि अर्ज परत दिला. "उत्पन्न जास्त आहे. बसत नाही."

ती अर्ज घेऊन निघून गेली. ही हकीकत मी काकींना मोठ्या रुबाबात सांगितली. नियम म्हणजे नियम, वगैरे.

"फ्लॅट बापाचे ना?" काकी म्हणाल्या. "मग तिच्याकडे काय आहे? बापाकडे जाऊन ती काय मागेल, साहेब, तुम्हीच सांगा. बाबा, मला ब्रा घ्यायला पैसे द्या?"

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून उत्पन्नाची अट काढली आणि त्या मुलीला घेऊन दुकानात गेलो. काकींनी टेप गळ्यात अडकवली आणि आधी विचारलं, "तुला काय हाक मारू?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "रेवा."

"छान. हात वर कर, रेवा."

इतकं सोपं होतं. मी इतकी वर्षं खिडकीत बसून हजारो मुलांना हाका मारल्या, पण कुणाला हे विचारायचं असतं, हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

माप घेता घेता काकींनी एकच अट सांगितली, यातलं काही बाहेर जाता कामा नये. रेवा म्हणाली, "घरी माहीत नाही. शेवटचं वर्ष आहे. परीक्षा झाली की मी स्वतः बाबांना सांगणार आहे. त्याआधी कळलं तर कॉलेज बंद होईल, घरातून काढतील. मला फक्त परीक्षेपर्यंत वेळ पाहिजे."

मी म्हणालो, "निश्चिंत राहा." माझ्या तोंडून हा शब्द निघाला की माणसाने काळजीला लागावं, हे तिला कुठून माहीत असणार?

त्यानंतर चार दिवसांनी मी काकींकडे गेलेलो तो शेखी मिरवायला. "मंजुरी झाली. आमच्याकडे काम कसं असतं बघा, सही झाली त्याच दिवशी पालकांना पत्र रवाना."

यंत्र थांबलं. "कुणाला पत्र?"

"पालकांना. कुठलीही मदत मंजूर झाली की पत्र पालकांच्या नावेच जातं. पहिल्यापासून पद्धत..." आणि तिथे मला माझं 'निश्चिंत राहा' आठवलं.

"पत्रात काय लिहिलंय?"

पत्रात मी सगळं लिहिलं होतं. आपल्या पाल्यास लिंगभावाला अनुरूप वस्तूंसाठी, म्हणजे कोणकोणत्या, नगासहित. माझं टायपिंग फार स्वच्छ आहे.

काकींनी आवाज चढवला नाही. दुकानातल्या दोन बायकांना म्हणाल्या, "उद्या या, ताई," आणि शटर ओढलं. रेवाची त्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा होती, फोन बंद. कल्याणच्या पोस्टात गेलो तर तिथला माणूस म्हणाला, पत्र परवाच ठाण्याला गेलं, आज वाटपाला निघालं असेल. मग ठाणे, आणि तिथून रिक्षाने बाळकुम. वाटेत मी म्हणालो, "काकी, मी सांगतो, चुकून दुसऱ्याच मुलाचं पत्र आलं. नाहीतर खेळाचं साहित्य आहे म्हणतो."

"तुम्ही काही म्हणू नका," काकी म्हणाल्या. "तुम्ही म्हटलं की वाढतं."

टॉवरच्या गेटशी, वॉचमनच्या केबिनबाहेर, खुर्ची टाकून रेवाचे वडील बसले होते. डोळ्यावर काळा चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मांडीवर आमच्या कॉलेजचा लिफाफा, फोडलेला.

काकी पुढे झाल्या. "दादा, नमस्कार. आम्ही कॉलेजकडून."

"बरा झाला आलात," ते म्हणाले. "वॉचमन बोलला कालेजचा लिफाफा हाय. मला तं काय दिसत नाय. पुतण्याला बोलावलंय वाचाया, येतोय वरशी. पोऱ्यानं काय केलंय का?"

"नाही, नाही. चांगलीच गोष्ट आहे. साहेब, वाचून दाखवा."

मी कागद हातात घेतला. अक्षरं माझी, शब्द माझे, आणि मला एकही वाचवेना. "विद्यार्थी कल्याण निधीतून आपल्या पाल्यास मदत मंजूर..." इथवर आलो. पुढे "क्रीडा" हा शब्द ओठांवर आलाच होता.

"कशाची मदत?" दादांनी विचारलं.

"कपड्यांची," काकी म्हणाल्या. खरं होतं ते.

"कपड्यांची? आमाला काय कमी हाय का?"

"कमी नाही, दादा. पण पोरांना काही गोष्टी घरी मागायला जड जातात. तुम्ही मागायचात का वडिलांकडे?"

दादा हसले. "बापाकडं? मार खाला असता."

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. पुतण्या येत होता. काकी माझ्या हातातल्या कागदाकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "साहेब, यावर गोल शिक्का कुठे आहे?"

मी पाहिलं. खरंच नव्हता. सहीच्या घाईत शिक्का मारायचाच राहून गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझा वेंधळेपणा कुणाच्या तरी कामी आला.

"बिनशिक्क्याचं पत्र?" दादा खुर्चीत सरसावले. जमिनीच्या कागदांसाठी तलाठ्याकडे चकरा मारून केस पिकलेला माणूस तो. "त्याला काय अर्थ हाय? कसले सायेब तुमी? घेऊन जा, शिक्का मारून आणा."

पुतण्या गेटशी पोचला, तेव्हा पत्र काकींच्या पिशवीत होतं. "काय झालं काका?" त्याने विचारलं. "काय नाय," दादा म्हणाले, "सायबाला शिक्का मारता येत नाय." मी शरमेने मान खाली घातली. त्या शरमेइतकं सुख मला बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "काकी, वाचलो."

"तुम्ही वाचलात," त्या म्हणाल्या. "ही गोष्ट तिची आहे, साहेब. घरी सांगायची ती तिनं सांगायची, तिच्या वेळेला. पोस्टमननं नाही आणि आपण तर नाहीच."

नवं पत्र पाठवायचं की नाही, हे मी रेवालाच विचारलं. घडलेलं सगळं सांगून, माफी मागून. ती म्हणाली, "पाठवा. पण फक्त कपडे, एवढंच लिहा. आणि शिक्का मारा."

पालकांना पत्र पाठवायची पद्धत त्या निधीपुरती त्याच आठवड्यात बंद झाली. पुढे बरीच मुलं काकींकडे गेली. घट्ट बनियन शिवून दिलं की त्या मुलाला इमारतीचे दोन मजले चढून यायला लावायच्या. "दम लागला तर सैल करते. सपाट दिसायचंय ना, गुदमरायचं नाही." एकाने सदरा शिवायला टाकला. काकींनी विचारलं, बटणं पुरुषांसारखी उजवीकडे की बायकांसारखी डावीकडे? तो मुलगा, मुलगा म्हणणंही त्याला आवडायचं नाही, म्हणाला, "सांगायलाच पाहिजे का?" काकींनी क्षणभर विचार केला. "मग बटणंच नकोत. डोक्यातून घालायचा शिवते." मी शेजारी बसून चहा पीत हे बघायचो. माझ्याकडे नियमांची एवढी पुस्तकं होती, पण असा तोडगा एकातही नव्हता.

परीक्षा संपली त्या रविवारी रेवा घरी सांगणार होती. आदल्या दिवशी ती काकींना म्हणाली, "तुम्ही याल का सोबत?" काकी म्हणाल्या, "आले असते गं. पण मी बसले समोर तर तुझे बाबा माझ्याशी बोलतील. त्यांना तुझ्याशी बोलू दे." रविवारी दुकान बंद असायचं, तरी काकी सकाळपासून दुकानात बसल्या. फोन काउंटरवर. मीही गेलो, उगाच. त्या दिवशी त्यांनी एकाच अस्तराची घडी किती वेळा घातली आणि मोडली, मोजता आलं नाही.

दुपारी फोन वाजला. काकींनी स्पीकर लावला.

"सांगितलं," रेवा म्हणाली.

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग आत आले आणि म्हणाले, जेवायला वाढ."

"वाढलंस?"

"हो."

"तू जेवलीस?"

"हो. त्यांच्यासमोरच."

"बरं. मग आता जरा पड," काकी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"म्हणजे काय समजायचं?" मी विचारलं. "त्यांना मान्य आहे की नाही?"

"तुमच्यासारखं अर्जावर लगेच शेरा मारता येत नाही प्रत्येकाला," काकी म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होत्या.

त्यानंतर वर्षभराने काकी गेल्या. थोडं आजारपण, आणि संपलं. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या बौद्ध रिवाजातल्या शोकसभेला, ठाकुर्लीच्या बुद्ध विहारात गेलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीने बसली होती आणि त्यांत मला माझी बरीचशी फाइल दिसली. दोन मजले चढणारा होता, डोक्यातून सदरा घालणारं होतं. रेवा होती, पांढऱ्या साडीत. तिच्या शेजारी तिचे वडील मांडी घालून, हात जोडून. वंदना झाली, चौघं-पाचजण काकींबद्दल बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, "काकी..." एवढं म्हणालो आणि खाली बसलो.

बाहेर पडताना दाराशी चपलांचा हा ढीग. दादांची नजर ऑपरेशननंतरही धडशी नव्हती. ते उकिडवे बसले, एकेक चप्पल डोळ्यांजवळ नेऊन बघत, बाजूला ठेवत. मला वाटलं, स्वतःची शोधतायत. मदत करावी म्हणून वाकलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. शेवटी त्यांना एक नाजूक पट्ट्यांची, थोड्या टाचेची सँडल सापडली. मग तिची जोडीची. दोन्ही त्यांनी धोतराच्या सोग्याने झटकल्या आणि पायरीवर, पुढची टोकं बाहेरच्या बाजूला करून, रेवाच्या पायांसमोर नीट मांडून ठेवल्या. रेवाने त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि त्या घातल्या. गेटपर्यंत ते तिच्या पावलाने हळूहळू चालत गेले.

मी ते बघत राहिलो. आणि ठाकुर्ली स्टेशनच्या पुलावर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला घालून आलोय.