दर्भाचा कावळा

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. रडू येण्याआधी पर्समधून पेन काढलं आणि हातातल्या स्लिपच्या मागे कामं लिहायला घेतली. कोणाला कळवायचं, गाडी, गुरुजी, दहाव्याचं जेवण… आमच्या घरात हे सगळं माझ्याकडेच असतं. दादा मला 'मुकादम' म्हणायचा.

माझा हा थोरला भाऊ अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता, जीव मात्र नाटकात. निवृत्त झाल्यावर त्याने कारखान्यातले मित्र गोळा करून एक सिनेमाच केला. गोष्ट त्याचीच. एक माणूस मरतो, दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही आणि नातेवाइकांना जेवायची घाई. मग गुरुजी दर्भाचा, म्हणजे गवताचा, कावळा करून शिवतात आणि मोकळे होतात. पण वरचा नियम असा, की जो कावळा शिवला त्याच्यावर बसूनच यमाच्या दरबारी यायचं. गवताचा कावळा उडणार कसा? मग दोघं भांडत भांडत पायी निघतात. वैतरणीवर सगळे गायीची शेपटी धरून पार होतात, तर हा कावळा बोंब मारतो, "मी नाही येणार, ती मला खाईल!" कावळा झाले होते बबनराव, दादाचे मशीनवरचे जोडीदार. गोदाघाटावर शूटिंग चालू असताना एका खऱ्या गायीने त्यांचं गवताचं शेपूट खरोखरच खाल्लं. दादा हसून हसून पायरीवर आडवा झाला होता.

घाई करणाऱ्या बहिणीचं काम त्याने मला दिलं. मी म्हटलं, "ही बाई फार वाईट लिहिलीस. इतकं कोणी करतं का?"

"म्हणून तर तू कर. तुला अभिनय करावा लागणार नाही."

माझं वाक्य एकच होतं : "गुरुजी, दर्भाचा करा आता, जिलेबी गार होतेय." सोसायटीच्या हॉलमध्ये चादरीवर सिनेमा दाखवला, तेव्हा सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. मीही हसले.

दादाच्या दहाव्याला रामकुंडावर पिंड मांडले आणि कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. एकेक जण पुढे होऊन हात जोडत होता. पोराचं लग्न आम्ही बघू, वहिनींना अंतर देणार नाही… कावळे हलेनात. वहिनी म्हणाली, "थांबू या ना थोडं. हे कुठेही उशिराच पोचायचे." तिला बाकी काही नको होतं, एवढंच हवं होतं. आणि माझा फोन वाजत होता, केटरर विचारत होता, पंगत कधी बसवायची. मी म्हणाले, "गुरुजी, दर्भाचा करा आता. जेवण गार होतंय."

वाक्य तोंडातून गेलं आणि मागून बबनरावांचं हसू फुटलं. त्यांनी लगेच टॉवेल तोंडावर धरला, मग त्यातच रडायला लागले. गुरुजींनी दर्भ वळला, दादाच्या मुलाने तो पिंडाला लावला. जेवण वेळेवर झालं. गरम होतं.

मी धार्मिक नाही. कावळा शिवला काय, न शिवला काय, असं मला आजही वाटतं. पण वहिनी थांबायला तयार होती आणि मला तेवढंही जमलं नाही… त्याची लाज अजून जात नाही.

गेल्या आठवड्यात दादाचे कपडे आवरायला गेले. कोणाला काय द्यायचं, ते मी आधीच ठरवलं होतं. चहा देताना वहिनी सहज म्हणाली, "कुठपर्यंत पोचले असतील गं?"

"कोण?"

"हेच. चालत निघालेत ना… आणि गुडघे कसले होते त्यांचे, तुला माहितीये."

ती हसत होती. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

गॅलरीत दोरीवर तिने दादाचे गुडघ्याचे दोन्ही पट्टे धुऊन वाळत घातले होते. ते कधीच वाळले होते. पिशवी घेऊन मी तिथे गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि पट्टे तसेच ठेवून चिमटे तेवढे घट्ट केले.