डमडमला ठेवलेलं प्रस्थान

कालिंदीबाई उकिडव्यांना कलकत्त्यात येऊन तेवीस वर्षं झाली होती, पण पंचांगाला विचारल्याशिवाय त्या सियालदहच्या बाजारापलीकडे जात नसत. लोक हसत. हसोत बापडे! लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्या बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी निघाल्या होत्या, ऐन अमावास्येला, मुहूर्तबिहूर्त न बघता. आणि सातव्या महिन्यात, चालत्या गाडीत, पोर गेलं. तेव्हापासून पंचांग त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

त्रेपन्न साली त्यांची उज्ज्वला नागपूरलाच सासरी होती. पहिलटकरीण, म्हणजे खरं तर कलकत्त्याला आईकडे यायची; पण डॉक्टरांनी प्रवास बंद केला. एका मंगळवारी जावयाची तार आली: दिवस भरण्याआधीच लक्षणं दिसताहेत, आईंना पाठवा.

"गाडीनं सातशे मैल, एक रात्र आणि अख्खा दिवस," बँकेतून धावत आलेले श्यामकांतराव म्हणाले. "विमानानं चार तास. उद्या दुपारची जागा मिळाली आहे."

"अहो, उद्या अमावास्या आहे!"

"मग बाळाला कळव, थांब म्हणावं."

बाईंनी तोडगा काढला: प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी सुपारी-तांदळाची पुरचुंडी वाटेवरच्या घरी नेऊन ठेवली, की प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग खरं निघताना ती उचलायची नि पुढे जायचं. नागपूर पश्चिमेला, पण विमानतळ उत्तरेला डमडमला. तेव्हा अमावास्येपेक्षा आजची चतुर्दशी बरी म्हणत, दिशेकडे काणाडोळा करून त्या संध्याकाळीच डमडमच्या, ओळखीच्या प्रेमलताबाईंकडे पुरचुंडी ठेवून आल्या. तरी जिवाला स्वस्थता नव्हती. सकाळी पोळ्या करपल्या, चहात मीठ पडलं, आणि "चारच तास ना हो?" हे विचारून विचारून त्यांनी नवऱ्याला भंडावून सोडलं.

दुपारी टॅक्सी डमडमला थांबली, तर प्रेमलताबाईंच्या दाराला हे भलंमोठं कुलूप. समोरची बंगाली बाई म्हणाली, आज अमावास्या ना, सगळी दक्षिणेश्वरला देवीच्या दर्शनाला गेलीत. विमान संध्याकाळचं आहे, अशी प्रेमलताबाईंची समजूत झाली होती.

कालिंदीबाईंनी कुलूप ओढून पाहिलं. खिडकीच्या गजांतून खांद्यापर्यंत हात घातला. कोनाड्यातली पुरचुंडी दिसत होती, हात पुरत नव्हता.

"चल, विमान सुटेल."

"तशीच गेले तर अमावास्येला निघाल्यासारखं होईल. पुन्हा तेच होईल हो." त्या मटकन पायरीवर बसल्या.

श्यामकांतरावांनी पंचांगाची जन्मभर टिंगल केली होती, पण त्या गेलेल्या पोराचा विषय त्यांनीही कधी काढला नव्हता. ते बायकोशेजारी टेकले.

"कालिंदी, तेव्हा गाडीत तुझ्याजवळ तुझी आई नव्हती."

 बाई उठल्या, आणि त्यांच्याआधी टॅक्सीत जाऊन बसल्या.

विमानात त्यांनी पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली. ढग दिसला की भीती, दिसेनासा झाला की वाटे विमान जागचं हलतच नाही.

नागपूरला पोचल्या तेव्हा उज्ज्वला कळांनी घामाघूम झाली होती. आईला दारात बघून तिचे डोळे विस्फारले.

"आई! आज अमावास्या... तुझा मुहूर्त?"

"मुहूर्त डमडमला कुलपात आहे," पदर खोचत कालिंदीबाई म्हणाल्या. "तू माझा हात धर आणि जोर कर."